लाल टिकल्यांचा नकाशा

४ नोव्हें., मंगळ

आज अंगणवाडीत वजनं. सकाळपासून रडारड, डोकं अजून ठणकतंय. काट्याला टांगलं की पोराला नजर लागते, हे आयांच्या डोक्यातून बारा वर्षांत मला काढता आलं नाही. एकीने पोराच्या कमरेला लिंबू बांधून आणलं, दुसरीने मिठाची पुडी. म्हटलं, पुडी काढ गं बाई, मिठाचं वजन कशाला लिहू वहीत?

पाड्याच्या खालच्या ओळीतली सात पोरं बुधी डोसी, तिथली एकटी म्हातारी, घेऊन आली. त्यांच्या आया पहाटेच टेम्पोत बसून पलीकडे गुजरातेतल्या कंपन्यांत जातात, दिवे लागता लागता परततात. दिवसभर पोरं डोसीच्या अंगणात. म्हातारीला स्वतःचं कोणी नाही. एक कडेवर, दोन हाताला, बाकीची पदराला धरून, अशी वरात. मला बघून हसली, दात चारच उरलेत. मी नाही हसले.

सातही लाल. वहीत हिरवं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे सांभाळा, लाल म्हणजे पोर हातातून चाललंय. मागच्या महिन्यापेक्षा प्रत्येकाचं थोडं थोडं वाढलंय, पण लाल ते लालच. त्यात आमचा रोहित. माझ्या धाकट्या दिराचा, किसनचा. अडीच वर्षांचा, वजन ९.१. काट्यावरून उतरवताना माझ्या मनगटाला असा चावला की रक्त आलं. माझी मदतनीस पार्वती म्हणते, "भूक लागलीय त्याला, ताई." तिलाच एक ठेवून देणार होते. सेविकेच्या घरातलं पोर लाल! लोकांना आयतंच बोलायला मिळालं.

६ नोव्हें., गुरु

टायर आले! अच्छाडच्या पंक्चरवाल्याने आठ दिले. हे तिथल्याच एका ढाब्यावर तंदूर सांभाळतात, त्यांच्या ओळखीने. सात अर्धे जमिनीत गाडले, चुन्याने रंगवले. आठवा चिंचेला टांगला, ट्रकच्या ताडपत्रीच्या पिवळ्या दोराने. पोरं खेळली तर भूक लागेल, भूक लागली तर खातील, हे माझं गणित. दुपारपर्यंत खुशीत होते.

मग दोन बाप ताडी लावून आले आणि झोक्यावर पहिला कोणाचा पोऱ्या बसणार यावरून जुंपली. एकाचं नाक फुटलं, दुसऱ्याचा शर्ट फाटला. मी मधे पडले तर मलाच ढकललं. पोरं गोल करून बघत होती. ते गेल्यावर पोरांनी तेच केलं, नाकासकट.

८ नोव्हें., शनि

आज रक्त उसळलं.

खालच्या ओळीत गृहभेटी. तीन वर्षांखालच्यांना अंगणवाडीत जेवण नाही, घरी न्यायला आहाराची पाकिटं देतो. डोसीच्या झोपडीमागे राखेच्या ढिगात रिकामी पाकिटं. मोजली, चौदा. सातही घरांची! पोरं लाल, आणि हिच्या परसात पाकिटं.

"हे काय आहे डोसे?"

"पोरांनाच घातला."

"तुझं कुठलं पोर? पाकिटं आयांच्या नावावर आहेत, तुझ्या नाही."

परत हसली. ते हसणं मला सोसवत नाही. दंडाला धरून गदागदा हलवली. हाडंच लागली हाताला. हातपंपावरच्या बायका बघत होत्या, म्हणून आणखी आवाज चढवला. म्हटलं, पोरांच्या तोंडचं खाणारी आजच बघितली. डोसी खाली बसली.

चुलीवर मडकं होतं. आत काय आहे ते मी बघितलं नाही.

१२ नोव्हें., बुध

दोन दिवस बसून नकाशा केला. मोठ्या कागदावर आख्खा पाडा: रस्ता, हातपंप, शाळा, चिंच, सगळी घरं. हिरव्या पोराच्या घरावर हिरवी टिकली, पिवळ्याला पिवळी, लालला लाल. टिकल्या तलासरीच्या बाजारातून आणल्या, पाकीटभर. पार्वती म्हणाली, नवी नवरीपण एवढ्या लावत नाही. ज्या घरात पोर नाही ते घर कोरं सोडलं, नावसुद्धा घातलं नाही. अंगणवाडीचा नकाशा, पोर नाही तिथं लिहायचं काय?

भिंतीला लावला तर लांबून दिसतो. खालच्या ओळीत मधल्या कोऱ्या घराच्या दोन्ही बाजूंना सात लाल टिकल्या. मॅडम येऊन गेल्या, माझ्या सुपरवायझर. "वा मंगल! हे बापांना दाखव, लाज वाटू दे त्यांना." मोबाईलवर फोटो काढून घेतला. मी फुगले.

१४ नोव्हें., शुक्र

बालदिन. सकाळी टायरांवरून उड्यांची शर्यत, मग पालकांची सभा. आज मुद्दाम बाप्यांना बोलावलं होतं. आया टेम्पोत गेल्या तरी हे असतातच ना, मजुरी मिळाली तर मजुरी, नाही तर ताडाखाली.

काठीने एकेक टिकली दाखवून बापाचं नाव घेतलं. मोठ्याने. घरच्यांना सोडते असं कोणी म्हणू नये म्हणून किसनचं सगळ्यांत आधी. "हा माझा दीर. ह्याचं पोर बघा. ह्याच्या कोंबड्याचं वजन पोरापेक्षा जास्त भरेल." सगळे हसले. किसनचं तोंड काळं पडलं.

एक म्हणाला, "आमची एकट्याचीच काय चूक? पाकिटं कठं जातात ती बघा." मी म्हटलं, "तेही बघितलंय. चौदा पाकिटं डोसीच्या परसात सापडली." उचलली जीभ लावली टाळ्याला. सभा चांगली झाली असं रजिस्टरात लिहिलं. उपस्थिती तेवीस.

१५ नोव्हें., शनि

किसनने काल सुनीताला मारली. कंपनीतून आली ती डबा खाली ठेवायच्या आत. पुढचा दात पडला. "तुझ्यापायी माझी इज्जत गेली, पोऱ्या लाल केलास." सुनीता माझी जाऊ, पण पोरीसारखी. आज दात कागदात बांधून मला दाखवायला आली. मला, म्हणजे जिच्या काठीमुळे पडला तिला.

"बाय, मी काय कमी घालतेय? सकाळी भात घालून जाते, आल्यावर घालते. मधे डोसी."

"डोसी काय घालणार! स्वतःच खाते."

सुनीताने तोंड उघडलं, मग दात परत कागदात बांधला. ती काही बोलणार होती असं आता वाटतं.

१७ नोव्हें., सोम

पार्वतीने सांगितलं: सभेत कोणीतरी नकाशाचा फोटो काढला होता. तो मोबाईलवरून पलीकडच्या एका भगताला गेला. किसन आणि आणखी दोघे काल त्याच्याकडे जाऊन आले. भगताने फोटो बोटांनी मोठा करून बघितला आणि विचारलं, सात लाल आणि मधलं एक कोरं, ते घर कोणाचं?

मी हसले. म्हटलं, बघा, भगतसुद्धा आता नेटवर्क असेल तर अंगात आणतो. पार्वती नाही हसली. "ताई, नकाशा काढा भिंतीवरून."

नाही काढला. दोन दिवसांची मेहनत आणि मॅडम परवा आणखी कोणालातरी दाखवायला आणणार होत्या.

१९ नोव्हें., बुध

आज लिहिलं नाही तर उद्या मीच म्हणेन असं झालं नव्हतं.

अकराचा सुमार. मोठ्या पोरांना खिचडी वाढत होते. बाहेर आरडाओरड. वाटलं, परत झोक्यावरून भांडण. दारात आले. आठ-नऊ बापे डोसीला केसांना धरून ओढत आणत होते. पातळ सुटलेलं. मागून ती सात पोरं रडत, पडत, धावत येत होती. टायर काढून फेकला आणि त्याच पिवळ्या दोराने तिला चिंचेला बांधली. माझ्या झोक्याच्या दोराने.

चिंचेचे ओले फोक. किसन पुढे. "कबूल कर! पोरं तूच खातेस, कबूल कर!" प्रत्येक फटक्याला तेच. दुसरा एक तिच्या गुडघ्यांवर काठी मारत होता, सुकवलेल्या भाताला झोडपतात तशी. हाताचं हाड मोडलं तो आवाज मी ऐकला. मी भिंतीला धरून उभी होते. किती वेळ? माहीत नाही. पाच फटके असतील, दहा असतील. मी पळाले नाही लगेच. हे लिहायलाच हवं.

मग डोसी माझ्याकडे बघून म्हणाली, "बाय, पोरांना आत ने. बघतात ती."

तेव्हा मी धावले. हातात खिचडीची पळी होती, गरम, तीच किसनच्या तोंडावर मारली. गाल भाजला त्याचा. "वयनी, तू मधे येऊ नको! तूच सांगितलंस सभेत!" आणि त्याने मला ढकललं. गाडलेल्या टायरवर डोकं आपटलं. उठले, परत मारली पळी, कोणाला लागली देव जाणे. पार्वतीने दार लावून पोरांना आत घेतलं आणि ११२ लावला. आधी शाळेतले दोन गुरुजी धावत आले, मग पोलीस. किसन वेवजीच्या वाटेने पलीकडे पळाला. दोघांना पकडलं. बाकीचे पोलिसांबरोबर उभे राहून काय झालं काय झालं विचारत होते. चोराच्या उलट्या बोंबा.

डोसी बेशुद्ध. दोर कापावा लागला. ॲम्ब्युलन्समध्ये घालताना तिचं पाऊल माझ्या हातात होतं, एवढंसं.

बुधवारी जन्मली म्हणून बुधी.

२० नोव्हें., गुरु

माझ्या डोक्याला चार टाके. डोसी डहाणूला सरकारी दवाखान्यात आहे, जिवंत आहे.

हवालदार येऊन गेले. जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा नोंदवलाय. साक्षीदार कोण? पाडाभर फिरले. कोणी शेतात होतं, कोणी बाजारात, कोणाला ऐकू कमी येतं. पार्वती म्हणाली मी आत पोरांना धरून होते, आणि ते खरंच आहे. गुरुजी मागाहून आले, त्यांनी फक्त बांधलेली बघितली. हवालदार मला म्हणाले, "ताई, तुम्ही सगळ्यांना नावानिशी ओळखता. तुमच्या जबाबावर आहे सगळं. तुम्ही नावं दिली नाहीत तर पुढच्या महिन्यात हे बाहेर, आणि म्हातारी परत आली तर काय होईल ते तुम्हीच समजा." दोन आठवड्यांनी बोलावतो म्हणाले.

मॅडमचा फोन: "तो नकाशा आधी काढ. फोटो कोणाला पाठवू नकोस." त्यांनी स्वतः काढलेला फोटो? ते विचारायचं राहिलं.

नकाशा काढला. गुंडाळून पेटीत टाकला. फाडवला नाही.

२१ नोव्हें., शुक्र

घरात भांडण. हे म्हणतात, "भाऊ आहे माझा. आईने जाताना माझ्या पदरात टाकलेला. त्याचं नाव तू देणार?" मी म्हटलं, "मग डोसीने कोणाच्या पदरात जायचं?" बावीस वर्षांत पहिल्यांदा यांनी हात उचलला. मारला नाही, उचलला. मीही लाटणं घेऊन उभी. दोघंही तसेच उभे राहिलो, मग हे ढाब्यावर निघून गेले, न जेवता.

मी जेवले. राग आला की मला भूक लागते.

२४ नोव्हें., सोम

आज जे बघितलं ते कोणाला सांगणार.

अंगणवाडी सुटल्यावर पोरं मैदानात खेळत होती. मीच म्हणते ना, खेळा, पळा. चिंचेखाली गलका. बघते तर एका पोरीला ओढणीने झाडाला बांधलंय, बाकीची हातात फोक घेऊन गोल. "कबूल कर! कबूल कर!" बांधलेली पोर मान टाकून हसत होती, तोंडात दात चारच दिसतील असे ओठ मुडपून. आणि एक जण बाजूला उभा राहून हातात पान घेऊन काही करत नव्हता. विचारलं, तू कोण? म्हणाला, "मी बाय."

मी म्हणजे. पळी घेऊन उभी असलेली.

मी त्याला कानाखाली मारली. चार वर्षांचं पोर. त्याच्या हातातलं पान खाली पडलं आणि तो रडलासुद्धा नाही, नुसता बघत राहिला. त्याला पोटाशी धरलं, मग मीच रडले. बाकीची पोरं पळून गेली. चिंच तोडून टाकावीशी वाटली, पण तिने काय केलंय?

२६ नोव्हें., बुध

दुपारी दोनला रोहित दिसेना. आता त्याला बघायला कोणी नाही. सुनीता सकाळी जाताना त्याचा पाय ओढणीने खांबाला बांधून जाते, मी मधून मधून बघते. आज गाठ सुटली होती. शोधत खाली गेले. डोसीच्या झोपडीच्या दारात बसला होता, बंद दाराला टाचा मारत. "डोसी, दे. डोसी, दे."

कडी काढली. आत अंधार, राखेचा वास. रोहित सरळ भिंतीपाशी गेला आणि बोट दाखवलं.

भिंतीवर सात करवंट्या, घासून गुळगुळीत केलेल्या, ओळीने टांगलेल्या. प्रत्येकीला वेगळ्या रंगाची चिंधी, कोणाची कुठली ते पोरांना कळावं म्हणून. रोहितची निळी. त्याने ती ओळखली, मी नाही ओळखली. चुलीवर तेच मडकं, आत वाळलेलं काहीतरी. वास घेतला: पाकिटाचं पीठ, नाचणी आणि सुकट. कोपऱ्यात डबा, त्यात भाजून कुटलेली सुकट. निदान आठवड्याची असेल, मुंग्या लागल्या होत्या.

ती चौदा पाकिटं तिने सातही पोरांना एकत्र शिजवून घातली होती. आया स्वतःच तिच्याकडे देऊन जायच्या. सुनीता त्या दिवशी हेच बोलणार होती.

ढीगभर प्रशिक्षणं घेतली मी. झाकण उचलून मडक्यात बघायचं कोणी शिकवलं नाही, आणि ते शिकवायला लागतं हेच माझं नशीब.

२ डिसें., मंगळ

वजनं. ह्या वेळी लिंबू नाही, मीठ नाही. भीतीने कोणी काही बांधलं नाही.

सातही घटली. रोहित ८.६. एकाच महिन्यात अर्धा किलो. एकीच्या पोरीच्या पायावर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहिला, सूज. तिला आजच डहाणूला पाठवलं.

मला वाटलं, आता तरी पटेल. जमलेल्यांना तिन्ही महिन्यांचे आकडे वाचून दाखवले. डोसी होती तेव्हा वाढत होतं, डोसी गेली आणि घटलं. याहून मोठा पुरावा काय? मागून एक जण: "म्हणजे जाता जाता करून गेली."

दुसरा म्हणाला, "तिथं बसूनपण करते ती."

मी वही बंद केली. यांना वजनकाटा दाखवा नाहीतर सूर्य दाखवा. हातात लोखंडी वजन होतं ते फेकून मारणार होते, पार्वतीने मनगट धरलं. जिथं रोहित चावला होता तिथंच.

४ डिसें., गुरु

डहाणूला जाऊन आले. डोसीचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये, गुडघा सुजलेला, एक डोळा अजून उघडत नाही. चारपैकी दोन दात गेले. मला बघून हसली. ह्या वेळी मीच मान खाली घातली.

पाया पडायला वाकले तर म्हणाली, "राहू दे. पोरं काय खातात?"

खोटं सांगणार होते, जमलं नाही. वजनं सांगितली. ती एकदम चालू झाली: पाकिटाचं पीठ नुसतं गोड, पोरं थुंकतात. निम्मी नाचणी घाल. सुकट भाजून कूट, चिंचणीची बाय बाजाराला येते तिच्याकडचीच घे, वाळू नसते. मीठ चिमूट. आणि सगळ्यांना एकत्र बसव, एकटं पोर खात नाही. रोहितला आधी दे, नायतर दुसऱ्याचं ओढतो.

मी वहीत लिहून घेतलं. बारा वर्षं मी हिला शिकवत होते.

निघताना म्हणाली, "मंगले, तू कागद काढलास ना पाड्याचा? लोक बोलत होती. माझा घर कठं होता त्यात?"

"होतं."

"नाव होता?"

मी म्हटलं, नव्हतं.

"पोर नाय ना मला," ती म्हणाली. माझीच समजूत काढत होती.

६ डिसें., शनि

दोन दिवस पार्वती आणि मी दुपारी दोनला डोसीच्या अंगणात मडकं चढवतो. सात करवंट्या. काल चार पोरं आली, आज सहा. सूज आलेली पोर दवाखान्यात. एका बापाने आपलं पोर उचलून नेलं आणि करवंटी पायाने फोडली. लाल चिंधीवाली. तो गेल्यावर त्याची म्हातारी आई तेच पोर परत घेऊन आली, मागच्या बाजूने, आणि वाटीत घेऊन गेली.

सुनीता आज कामावर गेली नाही. "बाय, ते आलेत. शेजारच्या पाड्यावर मामाकडे लपलेत. तू नाव दिलंस तर आत जातील, मग माझ्या पोऱ्याचं काय? नाय दिलंस तर..." तिने पदराने तोंड पुसलं. दात पडलेल्या जागी जीभ फिरवत होती. "नाय दिलंस तर ते मला परत मारतील. मी काय सांगू तुला? तूच ठरव."

सगळे मलाच सांगतात, तूच ठरव. भिंतीवर टिकल्या लावताना कोणाला विचारलं होतं मी?

८ डिसें., सोम

जबाब आज.

सकाळी पेटीतून नकाशा काढला. कोऱ्या चौकोनात पेनने लिहिलं: बुधी. तिथून सात घरांना सात रेघा ओढल्या. काम सोपं होतं, पाच मिनिटांचं. बरोबर घेतला, मॅडमना काय म्हणायचं ते म्हणोत.

बाहेर आले तर मैदानात किसन. गाडलेल्या टायरवर बसलेला, मांडीवर रोहित. गालावर पळीचा डाग, काळा पडलेला. पार्वतीला हाक मारणार होते.

"कठं चाललीस वयनी?"

"तलासरीला."

त्याला कळलं. उठला नाही. दारूचा वास नव्हता. त्याच्या हातात दगड होता, नुसता धरलेला. म्हणाला, "याला एकदा काट्यावर घाल. मग जा."

टांगला. रोहित ह्या वेळी चावला नाही, तेवढी ताकद नव्हती. ८.४. किसनने आकडा स्वतः वाचला, परत वाचला. मग दगड खाली टाकला, आणि माझ्याकडे न बघता विचारलं,

"डोसी काय घालायची त्याला?"

मला त्याला मारावंसं वाटलं. खरं सांगते, त्याच चिंचेला बांधून. तिचं हाड मोडलेलं मी ऐकलंय, आणि हा आता कृती विचारतो! पण पोर त्याच्या खांद्यावर मान टाकून होतं. सांगितली. नाचणी निम्मी, सुकट भाजून, मीठ चिमूट, आधी ह्याला द्यायचं. तो ओठ हलवत पाठ करत होता, शाळेत पाढे करायचा तसा. लहानपणी मीच घ्यायचे त्याचे पाढे, नवीन लग्न होऊन आले तेव्हा.

रिक्षा आली. तो आडवा आला नाही. बाजूलाही झाला नाही, रिक्षाच वळसा घालून गेली.

आता पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून लिहितेय. नकाशा मांडीवर, सुरळी ओलसर झालीय हाताने. दोघं जण आत जाऊन आले, माझा नंबर तिसरा. किसनचं नाव ओठांवर आहे, आणि त्याच्यामागे आठ आठवत आहेत, एकेकाचं पोर आठवतंय, त्याची टिकली आठवतेय.

हाक आली. हवालदारांनी कागद ओढला, पेन झटकलं. म्हणाले, "बोला ताई. हे सगळं सुरू कोणापासून झालं, त्याचं नाव आधी. मग बाकीची."

मी नकाशा टेबलावर उलगडला आणि पहिलं माझंच नाव सांगितलं. त्यांनी पेन थांबवलंय. मला बाहेर बसायला सांगून साहेबांना विचारायला गेलेत.